वास सुटलाय म्हणून साथ येत नाही, घागरीतलं पाणी बघा

पत्र:

"डॉक्टरकाका नमस्कार, मी पुण्यात जॉबला, माहेर शिरोळ तालुक्यात नदीकाठी. घरात छातीएवढं पाणी होतं, आई-बाबा, भाऊ-वहिनी, भाचा सगळे शाळेतल्या छावणीत होते. आता पाणी उतरलंय आणि बाबा म्हणतायत उद्याच घरी जायचं, गोठा साफ करायचाय. गावात मेलेल्या जनावरांचा असा वास सुटलाय की उभं राहवत नाही, जो तो म्हणतो आता साथ येणार. बाहेरगावी असलेल्या आम्ही लोकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर साठेक हजार जमवलेत. निम्मे म्हणतात फॉगिंग मशीन आणि पावडर घ्या, निम्मे म्हणतात अख्ख्या गावाला टायफॉइड-कॉलऱ्याची इंजेक्शनं द्या, एकाने तर जुन्या कपड्यांचा टेम्पो भरायलाच घेतलाय. वहिनी सातव्या महिन्यात आहे, भाचा अडीच वर्षांचा, आईला शुगर. नेमकं काय करू? – शिरोळकडची लेक, पुणे"

उत्तर:

अगं, आधी त्या वासाचं मिटवू, कारण तुमचा सगळा ग्रुप त्या वासानेच घाबरलाय. मेलेल्या म्हशीच्या वासाने साथ येत नाही. पुरात दगावलेली जनावरं बुडून मेलेली असतात, आजाराने नाही, माणसांचंही तेच. साथ आणतो तो जिवंत माणूस, ज्याच्या पोटात जंतू आहे आणि ज्याची घाण दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात जातेय. हैतीत २०१० च्या जानेवारीत भूकंप झाला, प्रेतांचे ढीग लागले आणि तेव्हाही लोक हेच म्हणत होते की आता प्रेतांमुळे रोगराई पसरणार. कॉलरा आला तो ऑक्टोबरमध्ये, नऊ महिन्यांनी, आणि तो भूकंपाच्या ढिगाऱ्यातून नाही तर लांब एका नदीच्या वरच्या अंगाला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा तळ होता तिथली घाण नदीत गेली म्हणून.

याचा अर्थ जनावरं तशीच पडू द्यायची असं नाही. पुरायची, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात, उचलणाऱ्याच्या हातात रबरी हातमोजे आणि पायात गमबूट पाहिजेत. जनावर विहिरीत पडलेलं असेल तर मात्र विषय गंभीर, ते पाणी पोटात गेलं की जुलाब ठरलेले. आणि एखादं जनावर पाणी उतरल्यावर अचानक मेलं, नाकातोंडातून काळपट रक्त आलंय, तर त्याला कोणी हात लावायचा नाही, कातडं काढायचा तर विचारही नको, ती काळपुळी असू शकते, सरळ जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. बाकी जनावरांची विल्हेवाट हे ग्रामपंचायतीचं आणि प्रशासनाचं काम आहे, तुमचे साठ हजार त्यात घालू नका.

आता पावडर. पूर ओसरला की रस्त्याच्या दोन्ही कडेला पांढऱ्या रेघा मारत जातात ना, फोटो छान येतो. ती टीसीएल पावडर, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, ओल्या चिखलावर कोरडीच टाकली की चिखलातली घाणच तिचा क्लोरीन खाऊन टाकते, उरतो चुना. २०१९ ला मी त्याच पट्ट्यातल्या गावांत आरोग्य पथकाबरोबर होतो, तिकडे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलेलं ते साल, आणि तेव्हा एका गावात बघितलं की रस्ता पांढराशुभ्र आणि पिण्याच्या टाकीत टाकायला चांगली पावडर शिल्लक नाही. पोतं होतं, पण तोंड उघडं, आतले खडे हातात घेतले तर ढेकळासारखे फुटत होते आणि नाकाला झोंबणारा वासच नाही. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी घ्यायचीच नाही.

म्हणून तुझ्या ग्रुपला माझा पहिला निरोप: पैसा रस्त्यावर नाही, पिण्याच्या पाण्यावर. गावात नळपाणी योजना असेल तर पंप पाण्याखाली गेलेला असणार, पाइप फुटलेले असणार, आणि फुटक्या पाइपमधून गटार आत येतं, त्यामुळे टाकीत क्लोरीन घातला तरी शेवटच्या घरापर्यंत तो पोचतोय का हे बघायला लागतं. त्यासाठी ओटी टेस्ट असते. छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. एवढंच. ही टेस्ट टाकीखाली नाही करायची, गावाच्या टोकाला जे घर आहे तिथे करायची, आणि रोज. गावात जलसुरक्षक असतो, आरोग्यसेवक असतो, त्यांच्याकडे किट असतं, संपलं असेल तर तुम्ही घेऊन द्या, फार महाग नाही. पूर-बिराच्या काळात नळाच्या पाण्यात अर्धा पीपीएम, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम तरी क्लोरीन मिळायला पाहिजे. लोक म्हणतील पाण्याला वास येतो, पिववत नाही. येऊ दे. तोच वास हवाय आपल्याला.

विहिरीचं काम जास्त किचकट. महापुराचं पाणी आत गेलेल्या विहिरीत नुसती मूठभर पावडर टाकून चालत नाही, आधी मोटर लावून उपसा करायचा, गाळ काढायचा, मग जास्तीचा डोस. रोजच्या शुद्धीकरणाचा साधारण हिशोब हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर असा असतो, पण पुरानंतर तेवढ्याने भागत नाही, किती टाकायची ते आरोग्य केंद्रातल्या माणसाला ठरवू दे. टाकायची पद्धत मात्र गावात बहुतेक जण चुकवतात, सरळ कोरडी पावडर वरून ओततात. बादलीत पाणी घेऊन कालवायची, दहा मिनिटं ठेवायची, चुना खाली बसतो, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोरीने विहिरीत सोडायची आणि पाण्याखाली वरखाली हलवायची. चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही. निदान तासभर कोणी पाणी भरायचं नाही, म्हणूनच हे काम रात्री केलेलं बरं. बोअरच्या तोंडावरून पाणी गेलं असेल तर बोअरलाही हेच लागू, "बोअरचं पाणी जमिनीतलं, ते शुद्धच" असं बाबा म्हणतील, ऐकायचं नाही.

आणि घरात? पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं, चारपदरी कापडातून गाळायचं आणि मग जंतू मारायचे. तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, जंतू मरत नाहीत, हे आईला नीट सांग. गॅस असेल तर उकळणं सगळ्यात भारी, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं की झालं, उगाच वीस मिनिटं सिलिंडर जाळायची गरज नाही. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी नाहीतर लिक्विड क्लोरीनची बाटली, लेबलवर लिहिलंय तेवढंच टाकायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, मग प्यायचं. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, एक गोळी एका हंड्याला की वीस लिटरला हे पाकीट वाचूनच ठरवायचं. पाणी काढायला ओगराळं, हात बुडवून तांब्या भरायचा नाही. बाहेरून आलेल्या बाटल्या-टँकरवर किती दिवस काढणार, आणि टँकरवाल्याने ते कुठून भरलंय कोणाला माहीत, टँकरच्या पाण्याचीही ओटी टेस्ट करायची, लाजायचं नाही.

आता वहिनी. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली आणि तू तिला एका ओळीत उरकलंस. दूषित पाण्यातून जी कावीळ येते त्यात एक आहे हिपॅटायटिस ई, ती बाकीच्यांना आठ-पंधरा दिवस झोपवते आणि सोडून देते, पण पोटुशी बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतते. शिवाय तिचा स्वभाव असा की जंतू पोटात गेल्यावर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही डोकं वर काढते, म्हणजे पूर, छावणी सगळं विसरून झालेलं असतं तेव्हा. तुमच्या शेजारीच इचलकरंजीत २०१२ ला काविळीची मोठी साथ आली होती, तेव्हा तर पूरही नव्हता, उन्हाळा होता, पाण्यातूनच आली. तर वहिनीला महिना-दोन महिने तिच्या माहेरी किंवा पुण्याला तुझ्याकडे ने, जिथलं पाणी खात्रीचं आहे तिथे. तिची फाइल, लोहाच्या गोळ्या आणि पुढच्या तपासणीची तारीख सोबत. नेणं जमणारच नसेल तर तिच्यासाठी फक्त उकळलेलं पाणी, वेगळ्या कळशीत, तोंड धुवायलाही तेच, आणि चिखल काढायच्या कामाला ती हात लावणार नाही. सासू-सासऱ्यांना वाईट वाटेल, वाटू दे.

बाबांचा गोठा. इथे वेगळाच धोका आहे, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ते सगळ्यांना आठवतं, त्यानंतर लेप्टोच्या पेशंटांनी वॉर्ड भरले ते कमी लोकांना आठवतं. उंदीर, गाईम्हशी, कुत्री यांच्या लघवीतून हा जंतू चिखलात येतो, ओल्यात आठवडेच्या आठवडे जगतो आणि कातडीवरच्या चिरेतून आत शिरतो. आता बाबांच्या टाचा आठव. भेगा असणार, आठवडाभर ओल्यात राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असणार, आणि ते अनवाणी गोठ्यात उतरणार, कारण गमबूट घालून शेण काढणं त्यांना नाटक वाटतं. लेप्टोला यापेक्षा चांगलं दार मिळणार नाही. तर ग्रुपच्या पैशातून गमबूट आणि रबरी हातमोजे घ्या, भरपूर घ्या, वेगवेगळ्या मापाचे घ्या. काम झालं की साबणाने पाय धुऊन, बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, जखम असेल तर झाकून मगच चिखलात जायचं.

लेप्टोसाठी आधीच घ्यायची गोळीही आहे, डॉक्सिसायक्लिन. केरळात २०१८ च्या पुरानंतर लेप्टो वाढला तेव्हा सरकारने ती मोठ्या प्रमाणावर वाटली. चिखलात काम करणाऱ्या मोठ्या माणसाला साधारण आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला चटका बसतो. पण ही गोळी मेडिकलमधून आणून गावात शेंगदाण्यासारखी वाटायची नाही हं, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून, ते देतील त्यांनाच. गोळी घेतली म्हणून गमबूट काढायचे असंही नाही.

आणि ताप आला तर. पुरानंतर महिनाभरात घरात कोणालाही ताप आला तर डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य हेच, "पुराच्या पाण्यात होतो". लेप्टोत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दाबल्या तरी ओरडावं इतक्या दुखतात, डोळे लाल होतात, मग लघवी कमी, कावीळ. सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत गाठला तर साध्या औषधांनी बरा होतो, उशीर झाला की किडनी. आपल्याकडे गावात "एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय" असं म्हणायची खोड आहे, ती अंगदुखीची इंजेक्शनं आणि गोळ्या डेंग्यूत, लेप्टोत फार वाईट. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्त तपासायला जायचं.

डेंग्यूवरून आठवलं, ते फॉगिंग मशीन. नका घेऊ. धुराने उडणारे डास मरतात तेही त्या संध्याकाळपुरते, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, त्यांचे चार दिवसांत डास होतात. साथ सुरू झाली तर धुरळणी आरोग्य विभाग करेल, त्यांच्याकडे मशीन असतं. गंमत अशी की पुराच्या लोंढ्यात अळ्या वाहून जातात, पहिला आठवडा डास कमीच असतात, म्हणून लोक निवांत होतात. मग पाणी उतरतं, डबकी राहतात, त्यात नळ बंद म्हणून प्रत्येक घरात पिंपं-बादल्या भरून ठेवतात, आणि डेंग्यूचा डास नेमका तिथेच अंडी घालतो, गटारात नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्या गावाने एकदम कोरडा दिवस पाळायचा, पिंपं रिकामी करून तळ घासायचा, ताडपत्रीच्या खोळीतलं पाणी, टायर, करवंट्या, फ्रीजच्या मागचा ट्रे सगळं उपडं. पिंपाला कापड बांधायचं. मोठ्या डबक्यांत गप्पी मासे सोडायचे. तरुण मंडळाला हे काम द्या, गणपतीच्या वर्गणीला जशी घरोघर फिरतात तशी फिरू देत.

इंजेक्शनांचं थोडक्यात सांगतो. कॉलऱ्याचं ते जुनं इंजेक्शन केव्हाच मागे पडलं, आताची लस तोंडाने देतात आणि ती कुठे द्यायची हे सरकार ठरवतं. टायफॉइडची लस घेतल्यावर काम करायलाच दोनेक आठवडे जातात, तोवर पाणी सुधारणं स्वस्त पडतं. दोन लशी मात्र सोडायच्या नाहीत. चिखलात पत्रा, खिळा लागलेल्यांना धनुर्वाताची. आणि मुलांना गोवर-रुबेलाची, कारण छावणीत एका वर्गात साठ माणसं झोपली की गोवर वणव्यासारखा फिरतो. भाचा अडीच वर्षांचा म्हणजे दोन्ही डोस झालेले असायला पाहिजेत, कार्ड पुरात गेलं असेल तर एएनएम सिस्टरच्या (उपकेंद्रातल्या नर्सच्या) रजिस्टरात नोंद असते, तिला विचारा.

त्याच्यासाठी घरात ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या हव्यातच. पाकीट अख्खं, एक लिटर पाण्यात, चिमूट-चिमूट करून ग्लासात टाकायचं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने चालू ठेवायचं. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. पेजेसारखे पांढरट पाण्याचे जुलाब धो-धो लागले, पोर मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली की वाट बघत बसायचं नाही, १०८ ला फोन. मोठ्या माणसालासुद्धा कॉलरा काही तासांत खलास करतो. आणि एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर आशाताईला त्याच दिवशी सांगायचं, "बदनामी नको" म्हणून गावाने लपवलं की तिथेच साथ हाताबाहेर जाते.

घरी जायचं का उद्या? बाबा आणि भाऊ दिवसा जाऊन चिखल काढू देत, मुक्काम छावणीत. आई आणि भाचा घरात पिण्याच्या पाण्याची सोय झाल्यावर आणि संडास चालू झाल्यावरच. संडासची टाकी पुराने भरलेली असते, वापरला की उलटून न्हाणीत येतं, आधी ती उपसून घ्या. तुमच्या पैशांतून गावात चार-पाच टाक्या उपसायला सक्शनची गाडी बोलावलीत तरी फॉगिंग मशीनपेक्षा दहापट काम होईल. चिखल आधी फावड्याने आणि पाण्याने पूर्ण काढायचा, मग फरशीला लिटरभर पाण्यात एक मोठा सपाट चमचा पावडर, आधी पावडर आणि मग चिखल असं नाही. त्या पावडरीत संडासचं ॲसिड मिसळायचं नाही, विषारी वायू होतो, दार बंद करून न्हाणी घासणाऱ्या बायका चक्कर येऊन पडतात त्या यामुळेच. भिजलेलं धान्य वाळवून दळायचा मोह होतो, आईचा जीव तुटेल, पण टाका. आईच्या पायांवर रोज रात्री बॅटरी मारून बघायला सांग, शुगरमुळे तिला लागलेलं कळणार नाही. तिची इन्सुलिन असेल तर छावणीत फ्रीज नाही, ती कुठे ठेवली होती तेही विचार.

कपड्यांचा टेम्पो थांबव बाई. २०१९ ला रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते, कोणी घेत नव्हतं. टेम्पो ठरलाच असेल तर त्यात अंगाचा साबण, झाकणाची पिंपं, ओगराळी, सॅनिटरी पॅड, नवीन आतले कपडे, टॉवेल माणशी एक (एकच टॉवेल घरभर फिरला की खरूज आणि डोळे येणं दोन्ही फिरतं), मच्छरदाण्या आणि ते गमबूट भर. पैसे सरपंचांच्या हातात रोख देऊ नका, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करून काय कमी आहे ते विचारा आणि वस्तू द्या. आणि ग्रुपवर रोज गुड मॉर्निंगचे फोटो टाकणारे आहेत ना, त्यातल्या एकाला सांग, गावच्या शेवटच्या नळावरच्या ओटी टेस्टचा फोटो रोज सकाळी ग्रुपवर यायला पाहिजे, महिनाभर, आणि ज्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं दिसणार नाही त्या दिवशी ग्रामसेवकाला फोन.